घर मुलांच्या नावावर करून देताना : बक्षीसपत्राची तयारी, पायऱ्या आणि नेहमीच्या चुका

"घर मी धाकट्याच्या नावावर करून दिलंय," असं कुणी सांगितलं की मी एकच विचारतो, कागद कुठला केलात? कुणी सोसायटीत नॉमिनेशन भरलेलं असतं. कुणी स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी केलेली असते. कुणी मृत्युपत्र केलेलं असतं, तर कुणी नुसतं घरपट्टीवरचं नाव बदललेलं. यातल्या एकाही कागदाने घर आज धाकट्याचं झालेलं नसतं. हे कळतं तेव्हा बहुतेकदा देणारा हयात नसतो आणि भावंडं वकिलांकडे बसलेली असतात.

दस्तांचे मसुदे करताना आणि दुसऱ्यांनी केलेले तपासताना त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, म्हणून हे क्रमाने लिहितो आहे. सगळं महाराष्ट्रातल्या मिळकतीला धरून आहे. पायऱ्यांचा क्रम बदलू नका, निम्म्या चुका क्रम चुकल्यामुळेच होतात.

टप्पा १ : 'नावावर' म्हणजे काय हवंय ते आधी ठरवा

आपल्या बोलण्यात 'नावावर करणे' हा एकच शब्द आहे. कायद्यात त्याखाली निदान चार वेगळी कामं येतात.

बक्षीसपत्र : आजच, मोबदला न घेता, मालकी देऊन टाकणं. झालं की झालं, मन बदललं म्हणून परत घेता येत नाही.

मृत्युपत्र : आपल्या पश्चात कुणाला जावं हे लिहून ठेवणं. हयात असेपर्यंत मालक तुम्हीच. कितीही वेळा बदलता येतं, आणि नोंदणीची सक्ती नाही.

हक्कसोडपत्र : मिळकतीत अनेकांचे हिस्से असताना एकाने आपला हिस्सा दुसऱ्या हिस्सेदारासाठी सोडणं. ज्याचा मिळकतीत आधीपासून हिस्साच नाही, त्याच्या नावे हक्कसोडपत्र होत नाही. आईच्या एकटीच्या मालकीच्या घराचं 'हक्कसोडपत्र' मुलाच्या नावे केलेलं मी पाहिलंय. दस्ताचं नाव चुकलं की शुल्काचा हिशोबही चुकतो आणि पुढे खरेदीदाराचा वकील तिथेच बोट ठेवतो.

नामनिर्देशन : सोसायटीने तुमच्या पश्चात कुणाशी व्यवहार करावा एवढंच यात ठरतं. नॉमिनी मालक नसतो, तो वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो.

जुन्या इंग्रजी दस्तांचं भाषांतर करणाऱ्यांसाठी इथेच एक गोष्ट सांगतो. 'मेक ओव्हर' (make over) दिसलं तर 'नावावर करून देणे' चालतं. 'सेटल अपॉन' (settle upon) दिसलं तर हात थांबवा. त्या शब्दप्रयोगात बहुतेकदा नुसतं देणं नसतं, तर व्यवस्था लावून देणं असतं : हयातीपर्यंत उपभोग अमक्याचा, त्यानंतर मालकी तमक्याची, किंवा मधे विश्वस्त. तिथे 'बक्षीस दिली' असं लिहिलं तर हयातीपुरता हक्क असलेली विधवा भाषांतरात पूर्ण मालक होऊन बसते. 'नेमून दिली' किंवा 'व्यवस्था करून दिली' असं लिहा आणि कुणाला किती काळ, हे पुढच्या वाक्यात उघड करून सांगा.

थांबा : राहतं घर एकच असेल, दुसरं उत्पन्न नसेल आणि मनात थोडीही शंका असेल, तर बक्षीसपत्र करू नका. मृत्युपत्र करा. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि निम्मे लोक ऐकून परत जातात. मला त्यात समाधान आहे.

टप्पा २ : जे द्यायचंय ते खरोखर तुमचं आहे का, हे तपासा

सर्वात जास्त दस्त इथे फसतात.

नेहमीचं उदाहरण घ्या. वडिलांच्या नावावर फ्लॅट. ते गेले. आई नॉमिनी होती, सोसायटीने भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) तिचं नाव लावलं. आई सगळा फ्लॅट धाकट्याला बक्षीस देते. दस्त नोंदवलाही जातो, कारण दुय्यम निबंधक (दस्त नोंदवणारा अधिकारी) मालकीचा निवाडा करत नाही. पण मृत्युपत्र नसेल तर हिंदू कुटुंबात त्या फ्लॅटमध्ये आई, मोठा मुलगा, मुलगी आणि धाकटा असे चौघांचे समान हिस्से असतात. आईने दिला तो फक्त तिचा चौथा हिस्सा. बाकीचं तिला देताच येत नव्हतं. बरोबर क्रम असा : आधी वारस निश्चित करा, मग बाकीच्यांची हक्कसोडपत्रं आईच्या नावे नोंदवा, मग आईकडून बक्षीसपत्र. किंवा सरळ सगळ्यांनी धाकट्याच्या नावे हिस्सा सोडा. तेव्हा बक्षीसपत्राची गरजच उरत नाही.

नवरा-बायकोच्या संयुक्त नावाचा फ्लॅट असेल तर एकट्या नवऱ्याने दिलेला दस्त त्याच्या हिश्श्यापुरताच. दोघांचंही द्यायचं असेल तर दस्तात दोघेही 'लिहून देणार' (म्हणजे मिळकत देणारे) हवेत.

एकत्र कुटुंबाच्या, वाटणी न झालेल्या वडिलोपार्जित मिळकतीतला आपला हिस्सा इतरांच्या संमतीशिवाय बक्षीस देता येत नाही. आधी नोंदणीकृत वाटणीपत्र, मग पुढचं. मृत्युपत्राने मात्र तो हिस्सा देता येतो. हा फरक पुष्कळांना माहीत नसतो.

शेतजमिनीचं आणखी वेगळं. सातबारावर भोगवटादार वर्ग २ (परवानगीशिवाय दुसऱ्याला देता न येणारी जमीन) लिहिलेलं असेल तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आधी घ्या. घेणारा शेतकरी नसेल तर कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बक्षीस चालत नाही. मुलगा परदेशी स्थायिक असेल तर त्याला आई-वडिलांकडून फ्लॅट बक्षीस घेता येतो. शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस मात्र बक्षीस म्हणून घेता येत नाही, ते वारशानेच येऊ शकतं. अमेरिकेतल्या मुलाच्या नावे गावाकडची जमीन 'आताच करून टाकू' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मुस्लिम कुटुंबांत हिबाचे, म्हणजे बक्षिसाचे, नियम वेगळे आहेत. तिथे देण्याची घोषणा, स्वीकार आणि प्रत्यक्ष ताबा या तीन गोष्टींनी हिबा पुरा होतो आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्यानेच त्याला सूट दिलेली आहे. ताबा दिलाच नाही तर नुसत्या कागदावर तो टिकत नाही.

तपासा, हे सगळं हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका :
– मूळ खरेदीखत आणि त्याची सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा); मिळकत आधी कुणाकडून आली असेल तर तेही दस्त
– ताजा सातबारा किंवा मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड). फ्लॅट असेल तर भागपत्र आणि चालू घरपट्टी पावती
– कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्र, फिटलं असेल तर बोजा उतरल्याचा कागद
– दोन्ही बाजूंचं आधार आणि पॅन, आणि नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे का

शेवटची ओळ वाचून पुढे जाऊ नका. खरेदीखतावर लग्नाआधीचं नाव आणि आधारवर लग्नानंतरचं, हे फार घरांत असतं. दस्तात 'उर्फ' लावून दोन्ही नावं लिहा आणि राजपत्राची किंवा विवाह नोंदणीची प्रत जोडा.

टप्पा ३ : खर्चाचा हिशोब, नात्यावरून

बक्षीसपत्राचं मुद्रांक शुल्क महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद ३४ प्रमाणे लागतं. कुणी कुणाला दिलं आणि काय दिलं, यावर ते ठरतं.

राहतं घर किंवा शेतजमीन जर पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची पत्नी यांना दिली, तर २०१५ च्या बदलापासून शुल्क नाममात्र आहे. त्या बदलात ते २०० रुपये ठरलं. लग्न झालेली मुलगीही यात येते, तिला वगळलेलं नाही.

भाऊ, बहीण, आई, वडील यांना दिली तर बाजारमूल्याच्या ३ टक्के. म्हणजे आईने मुलाला घर दिलं तर नाममात्र, पण मुलाने आईला दिलं तर ३ टक्के. दुकान किंवा गाळा मुलाला दिला तरी तो निवासी नाही, म्हणून ३ टक्के. आणि मुलगा हयात असताना सुनेच्या नावे दिलं तर ती या दोन्ही याद्यांत नाही. खरेदीखताइतकंच पूर्ण शुल्क बसतं. सुनेला द्यायचंच असेल तर हा आकडा आधी काढा.

'दोनशे रुपयांत होतं' हे ऐकून आलेले लोक खिडकीवर गोंधळतात ते अधिभारामुळे. स्थानिक स्वराज्य संस्थेचा अधिभार बाजारमूल्यावर वेगळा आकारला जातो. तो एक टक्का धरला तरी ८० लाखांच्या फ्लॅटवर ८० हजार होतात. नोंदणी फी आणि पानांप्रमाणे दस्त हाताळणी शुल्क वेगळं. बाजारमूल्य वार्षिक मूल्यदर तक्त्यावरून, म्हणजे आपण ज्याला रेडी रेकनर म्हणतो त्यावरून निघतं. तुम्ही मनाने लिहिलेल्या किमतीला तिथे अर्थ नाही. दस्त करायच्या आठवड्यातच दुय्यम निबंधक कार्यालयातून मूल्यांकन आणि सगळ्या आकारणीचा लेखी हिशोब घ्या.

आयकराची भीती बहुतेकांना उगाच असते. आई-वडील, मुलं, भावंडं, पती-पत्नी यांच्याकडून मिळालेल्या घरावर घेणाऱ्याला कर नाही. पण घर बायकोला किंवा सुनेला दिलं आणि ते भाड्याने लावलं, तर ते भाडं देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. शिवाय घेणाऱ्याने पुढे घर विकलं तर नफा काढताना मूळ मालकाची खरेदी किंमत धरतात. म्हणून जुनं खरेदीखत आणि बांधकाम-दुरुस्तीची बिलं घराबरोबरच हवाली करा.

टप्पा ४ : मसुदा

इंटरनेटवरून उतरवलेला दोन पानी नमुना भरून आणू नका. दस्तात पुढील गोष्टी याच क्रमाने असाव्यात : पक्षकार, मिळकत देणाऱ्याकडे कशी आली, मिळकतीचं वर्णन, देण्याचा आणि स्वीकाराचा मजकूर, ताबा, राखून ठेवलेले हक्क व अटी, सह्या, साक्षीदार.

वर्णन स्वतःच्या डोळ्यांनी मूळ खरेदीखताशी ताडून बघा. एका दस्तात फ्लॅट ३०२ ऐवजी २०३ टाइप झालेला होता. चतु:सीमा, क्षेत्र, मजला, सगळं बरोबर, फक्त आकडा उलटा. कुटुंबातल्या चौघांनी वाचूनही तो निसटला, कारण सगळ्यांनी नावं वाचली आणि आकडे सोडून दिले. चूकदुरुस्ती पत्र करण्यासाठी ऐंशी वर्षांच्या आजोबांना पुन्हा रिक्षातून आणावं लागलं. तेव्हापासून मी आकडे एकाला मोठ्याने वाचायला लावतो आणि दुसऱ्याला मूळ कागदावर बोट ठेवायला.

स्वीकार. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १२२ प्रमाणे देणारा हयात असताना घेणाऱ्याने बक्षीस स्वीकारलं पाहिजे. स्वीकारण्याआधी घेणारा वारला तर बक्षीसच रद्द. म्हणून 'नंतर सांगू त्याला, सरप्राइज देऊ' असं करू नका. दस्तात वाक्य घाला आणि घेणाऱ्याची सही घ्या :

"सदर बक्षीस लिहून घेणार यांनी लिहून देणार यांच्या हयातीत आनंदाने स्वीकारले असून त्याची खूण म्हणून या दस्तावर सही केली आहे."

घेणारा अज्ञान (१८ वर्षांखालचा) असेल तर पालक त्याच्या वतीने स्वीकारतो.

मोबदला. बक्षीसपत्रात मोबदल्याचा उल्लेख येऊ देऊ नका. 'भावाला दिलेल्या दहा लाखांच्या बदल्यात' असं एखादं वाक्य घुसलं की ते बक्षीसपत्र राहत नाही. "प्रेमापोटी व आपुलकीपोटी, कोणताही मोबदला न घेता" एवढंच पुरे.

राहण्याचा हक्क. हे लिहिताना लोकांना संकोच वाटतो. "मुलगा आहे माझा, त्याच्याकडून लिहून काय घ्यायचं?" मी त्यांना सांगतो, मुलासाठी नाही, त्याच्यानंतर जे येतील त्यांच्यासाठी लिहा. मुलगा आधी गेला तर घर त्याच्या वारसांचं होतं, आणि तेव्हा तुमची बाजू घेणारा एवढा एकच परिच्छेद असेल :

"लिहून देणार व त्यांच्या पत्नी यांना सदर मिळकतीत त्यांच्या हयातीपर्यंत राहण्याचा व तिचा उपभोग घेण्याचा हक्क राहील व तो हक्क राखून ठेवून मिळकतीची मालकी लिहून घेणार यांना बक्षीस दिली आहे."

असा हक्क आणि ताबा राखून दिलेलं नोंदणीकृत बक्षीसपत्र वैध ठरतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. वाक्याची रचना मात्र सांभाळा. मालकी आज दिली आणि उपभोग राखला, असं ते वाचलं गेलं पाहिजे. "आमच्या पश्चात मिळकत त्याची होईल" असं लिहिलंत तर ते मृत्युपत्रासारखं वाचलं जाईल.

सांभाळाची अट. देणाऱ्याचं वय ६० किंवा अधिक असेल तर ही अट वगळू नका. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ सांगतं की मूलभूत सोयी आणि गरजा पुरवण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने ते नाकारलं, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतं. महाराष्ट्रात अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात करतात. २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशी अट असणं आवश्यक मानलं. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचला हे खरं, पण त्या भरवशावर अट सोडून देऊ नका :

"लिहून घेणार हे लिहून देणार यांचे अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार व देखभाल त्यांच्या हयातीपर्यंत करतील, या अटीवर सदर मिळकत बक्षीस दिली आहे. या अटीचा भंग झाल्यास लिहून देणार यांना कलम २३ प्रमाणे दाद मागता येईल."

थांबा : दोन वाक्यं दस्तात चुकूनही येऊ देऊ नका. पहिलं, "मला वाटेल तेव्हा हे बक्षीसपत्र रद्द करण्याचा हक्क मी राखून ठेवतो." मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १२६ प्रमाणे केवळ देणाऱ्याच्या मर्जीवर रद्द होणारं बक्षीस मुळातच रद्दबातल असतं. म्हणजे सुरक्षेसाठी घातलेलं वाक्यच दस्त बुडवतं. दुसरं, "लिहून घेणार यांनी ही मिळकत कधीही विकू नये." अशी कायमची विक्रीबंदी कायद्यात टिकत नाही. घर हातातून जाऊ नये असं वाटत असेल तर वर सांगितल्याप्रमाणे राहण्याचा हक्क राखा.

टप्पा ५ : शुल्क, मग सह्या, मग नोंदणी

मुद्रांक शुल्क सही करण्याआधी भरा. ई-चलन नावांसकट नीट तपासून काढा, चलनावरचं आणि दस्तातलं नाव जुळलं पाहिजे. मग नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर दस्ताची माहिती भरून वेळ घ्या. स्थावर मिळकतीच्या बक्षीसपत्राला नोंदणी सक्तीची आहे, नोटरीने ते काम होत नाही.

सही केल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला हजर करावा लागतो. त्यानंतर आणखी चार महिने दंड भरून संधी असते. ती वापरायची वेळ येऊ देऊ नका. आज सही, आजच नोंदणी, हेच उत्तम.

साक्षीदार दोन हवेत आणि त्यांनी देणाऱ्याला सही करताना पाहिलेलं असावं. घेणाऱ्यालाच साक्षीदार करू नका. वयाने तरुण आणि जवळ राहणारे साक्षीदार निवडा. पंधरा वर्षांनी कोर्टात उभं राहायची वेळ आली तर ते सापडले पाहिजेत. देणारा फार वृद्ध किंवा आजारी असेल तर त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा : शुद्धीत आहे, समजून सही करतो आहे.

कार्यालयात फोटो आणि अंगठ्याचा ठसा घेतात. आयुष्यभर भांडी घासलेल्या, शेतात राबलेल्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्रावर ठसा उमटत नाही, मागे रांग उभी असते आणि म्हातारी माणसं घाबरून जातात. आदल्या रात्री त्यांच्या बोटांना तेल किंवा व्हॅसलीन चोळा, सकाळी साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा. सोबत पाण्याची बाटली, ओला रुमाल आणि चष्मा घ्या. उठताच येत नसेल तर नोंदणी कायद्यात गृहभेटीची सोय आहे, त्यासाठी आधी अर्ज करा.

परदेशातून मुलगा येऊ शकत नसेल तर स्वीकारण्यासाठी भारतातल्या कुणाला तरी मुखत्यारपत्र द्या. ते तिथल्या भारतीय दूतावासात किंवा वकिलातीत साक्षांकित करून पाठवावं आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरून घ्यावं. मजकुरात 'बक्षीस स्वीकारणे व दस्तावर सही करणे' हे शब्द नेमके हवेत. 'सर्व कामे पाहणे' एवढ्यावर भागवू नका.

तपासा : नोंदणी पुरी करण्याआधी माहितीचा जो छापील गोषवारा वाचायला मिळतो, तो खिडकीपाशी उभं राहून पूर्ण वाचा. नाव, क्षेत्र, सर्व्हे नंबर किंवा फ्लॅट नंबर, दस्ताचा प्रकार. सूची क्रमांक २ मध्ये हेच उतरतं.

टप्पा ६ : नोंदणीनंतरची नोंद

दस्त कपाटात ठेवला आणि काम संपलं असं समजणारे खूप. सातबारा असेल तर फेरफार (महसुली नोंदीतला नावबदल) झाला पाहिजे. नोंदणीची माहिती आता ऑनलाइन तलाठ्याकडे जाते, तरी तिथे विचारणा करा. फेरफार धरल्यावर नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. प्रमाणित झाल्यावरचा सातबारा काढून नाव वाचा. शहरातल्या स्वतंत्र घराला हेच काम नगर भूमापन कार्यालयात, मिळकत पत्रिकेवर.

फ्लॅटवाल्यांनी मिळकत पत्रिकेवर आपलं नाव शोधू नये. तिथे जमीन सोसायटीच्या किंवा बिल्डरच्या नावे असते. तुम्हाला सोसायटीत सभासदत्व हस्तांतरणाचे अर्ज, नोंदणीकृत बक्षीसपत्राची प्रत आणि मूळ भागपत्र द्यायचं आहे. कुटुंबातल्या माणसाला फ्लॅट जातो तेव्हा सोसायटीला हस्तांतरण अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) मागता येत नाही. कुणी मागितलं तर सोसायटीच्या आदर्श उपविधीतली (मॉडेल बाय-लॉजमधली) तरतूद लेखी दाखवा. भागपत्राच्या मागे नाव चढून सह्या झाल्या की त्याची झेरॉक्स काढून ठेवा आणि घेणाऱ्याकडून नवं नामनिर्देशन भरून घ्या. वडिलांचं जुनं नॉमिनेशन तसंच पडून राहिलेलं मी फार ठिकाणी पाहतो.

मग घरपट्टी, वीजमीटर, पाणीपट्टी, गॅस. ही नावं सगळ्यात शेवटी बदला. यातून मालकी येत नाही, पण घेणाऱ्याने स्वीकारलं आणि सांभाळलं याचा तो रोजचा पुरावा असतो.

आणि वितुष्ट आलंच, तर एकट्याने जाऊन 'बक्षीसपत्र रद्दलेख' नोंदवून येऊ नका. अशा एकतर्फी कागदाने दिलेली मालकी परत येत नाही. ज्येष्ठ नागरिक असाल आणि दस्तात सांभाळाची अट असेल तर न्यायाधिकरणात अर्ज करा. फसवून किंवा धाकाने सही घेतली असेल तर दिवाणी न्यायालयात, आणि तेही लवकर. ते कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते.